राजकीय भाषणातील मध्यवर्ती विचार आणि त्याचे आधार
(इयत्ता सातवी व आठवीच्या शिक्षकांसाठी पाठविवेचन)

वणी हे बाजाराचे गाव आहे. दिंडोरी तालुक्याच्या या भागातील शेतकरी खरेदीविक्रीसाठी येथे येतो, नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंग गडाकडे जाणारा यात्रेकरू येथून जातो, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे ध्वनिक्षेपकाचा आवाजही येथल्या चौकात घुमू लागतो. आपल्या वर्गातील मुले तो आवाज ऐकतात. दुसऱ्या दिवशी वर्गात "काल सभेत पाहुणे काय बोलले?" असे विचारून पाहावे. "फार छान बोलले", "लोक पुष्कळ हसले", "टाळ्या पडल्या" अशी उत्तरे येतात. वक्त्याने नेमके काय मांडले आणि कशाच्या बळावर मांडले, हे सांगणारे मूल क्वचितच आढळते.

हा दोष मुलांचा नाही. आपण त्यांना गोष्टीचे तात्पर्य विचारतो, कवितेचा भावार्थ विचारतो. परंतु भाषण कसे ऐकावे, हे शिकविण्याचा प्रसंग आपण सहसा आणीत नाही. सातवीतील मूल आणखी पाचसहा वर्षांनी मतदार होणार आहे. पुढे त्याने एकही पुस्तक उघडले नाही, तरी भाषणे त्याच्या कानांवर पडतच राहतील. म्हणून भाषणातील मध्यवर्ती विचार ओळखणे आणि त्याला दिलेले आधार पारखणे, हे शिक्षण प्राथमिक शाळेतच व्हावयास हवे.

उताऱ्याची निवड

या पाठासाठी चालू निवडणुकीतील किंवा विद्यमान पक्षपुढाऱ्याचे भाषण घेऊ नये. तसे केल्यास वर्गात घराघरांतील मतभेद शिरतात, शिक्षकाच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येते, आणि पाठाचा हेतू बाजूला राहतो. भाषण इतिहासात जमा झालेले, छापील स्वरूपात उपलब्ध असलेले, आणि ज्यात विधानांना खरोखर आधार दिलेले आहेत, असे असावे.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारे भाषण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले समारोपाचे भाषण. दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबर रोजी, सभेने संविधान स्वीकृत केले. २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून पाळला जातो व शाळाशाळांतून उद्देशिकेचे वाचन होते. त्याच आठवड्यात हा पाठ घेतल्यास उद्देशिकेतील शब्दांना अर्थ प्राप्त होईल.

आपल्या जिल्ह्याशी या वक्त्याचा निकटचा संबंध आहे, हेही मुलांस सांगावे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा प्रवेश सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्या लढ्यातील त्यांचे प्रमुख सहकारी दादासाहेब गायकवाड हे आपल्याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली, ती याच जिल्ह्यातील येवले येथे.

विषय निराळा, विचार निराळा

मुलांची पहिली चूक येथे होते. "भाषण कशावर होते?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विषय; "त्याविषयी वक्त्याचे म्हणणे काय?" याचे उत्तर म्हणजे मध्यवर्ती विचार. विषय एकदोन शब्दांत सांगता येतो. विचार सांगावयास पूर्ण वाक्य लागते, आणि त्या वाक्यास क्रियापद असावेच लागते. "पाणी" हा विषय झाला. "गावाने नवी विहीर खोदण्याआधी जुनी दुरुस्त करावी" हा विचार झाला. ज्या वाक्यास कोणी "नाही, मला तसे वाटत नाही" असे म्हणू शकतो, तेच बहुधा विचाराचे वाक्य असते. "पाणी" या शब्दाला नाही म्हणता येत नाही.

प्रस्तावना म्हणून पुढील काल्पनिक भाषण वर्गात सावकाश दोनदा वाचावे:

"मंडळी, आपले गाव देवीच्या पायथ्याचे गाव. येथली माणसे कष्टाळू. पण दरवर्षी वैशाखात बाया दोन दोन कोस पाण्यासाठी हिंडतात. गावात विहिरी तीन. त्यांपैकी एकीत गाळ साचून पाच वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीने आपल्या विहिरीतला गाळ काढला, तर तिला ज्येष्ठापर्यंत पाणी पुरले. नव्या विहिरीला पैसा लागेल, जागा लागेल, वर्ष जाईल. म्हणून म्हणतो, आधी गाळ काढू या. आपण मनात आणले तर डोंगरही हलवू!"

मग क्रमाने प्रश्न विचारावेत. विषय कोणता? पाणी. म्हणणे काय? आधी गाळ काढावा. कशावरून? वाडीच्या विहिरीला पाणी टिकले यावरून, आणि नव्या विहिरीस खर्च व वेळ अधिक लागतो यावरून. आता शेवटचा प्रश्न: "डोंगरही हलवू" हा आधार आहे काय? मुले क्षणभर थांबतात. मग एखादे मूल म्हणते, "नाही गुरुजी, त्याने नुसता जोर येतो." तेच उत्तर आपणास हवे आहे. आरंभीची गावाची स्तुतीही आधार नव्हे. स्तुती, विनोद, उपमा आणि आवाहन यांनी भाषण गोड होते, मन हलते. पण विधान खरे आहे की खोटे, हे त्यांवरून कळत नाही. ते कळते आकड्यांवरून, प्रत्यक्ष घडलेल्या दाखल्यांवरून, तुलनेवरून आणि कार्यकारणाच्या तर्कावरून.

पहिला भाग: आकड्यांचा आधार

आता मुख्य भाषणाकडे वळावे. संपूर्ण भाषण दीर्घ आहे. मुलांना त्याचे तीन भाग सोप्या शब्दांत सांगावेत.

संविधान सभेने फार वेळ घालविला, सार्वजनिक पैसा उधळला, अशी टीका त्या काळी होत होती. रोम जळत असता नीरो वाद्य वाजवीत बसला होता, तशातला हा प्रकार आहे, असेही टीकाकार म्हणत. ही उपमा बोचरी आहे. पण आपण आत्ताच शिकलो की उपमा हा आधार नव्हे. डॉ. आंबेडकर या उपमेस दुसऱ्या उपमेने उत्तर देत नाहीत. ते आकडे मांडतात. सभा प्रथम ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. त्यास २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस झाले. एकूण ११ अधिवेशने झाली. प्रत्यक्ष कामकाज १६५ दिवस चालले. त्यांपैकी ११४ दिवस मसुद्याच्या विचारात गेले. मसुदा समिती १४१ दिवस बसली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या; त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. अंतिम मसुद्यात ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे होती.

पुढे ते इतर देशांशी तुलना करतात. अमेरिकेचे काम १७८७ साली चार महिन्यांच्या आत झाले. दक्षिण आफ्रिकेस एक वर्ष लागले. कॅनडास २ वर्षे ५ महिने लागले. ऑस्ट्रेलियास नऊ वर्षे लागली. अमेरिकेच्या संविधानात अवघे ७ अनुच्छेद. कॅनडाच्या कायद्यात १४७, ऑस्ट्रेलियाच्या १२८ आणि दक्षिण आफ्रिकेच्या १५३ कलमे. शिवाय त्या देशांस दुरुस्त्यांच्या एवढ्या ढिगाऱ्यास तोंड द्यावे लागले नाही, असे ते सांगतात.

येथे मुलांस पाटी घेऊन हिशेब करावयास लावावे. २,४७३ दुरुस्त्यांस ११४ दिवसांनी भागले तर दररोज किती? सुमारे २२. दिवसाकाठी २२ दुरुस्त्यांचा विचार करणारी सभा आळशी म्हणता येईल काय? आकडा बोलू लागतो तो असा.

आता एक नाजूक गोष्ट. याच भागात वक्ते म्हणतात की आपण अमेरिका व दक्षिण आफ्रिका यांहून अधिक वेळ घेतला हे खरे, परंतु कॅनडाहून अधिक घेतलेला नाही. फळ्यावरचे दोन आकडे मुलांनी शेजारी शेजारी मांडावेत: आपली २ वर्षे ११ महिने, कॅनडाची २ वर्षे ५ महिने. सहा महिने आपलेच अधिक भरतात! एखादे चौकस मूल हे आपण होऊन सांगेल. न सांगितल्यास शिक्षकाने विचारून काढावे. पुष्कळ शिक्षकांस येथे संकोच वाटेल. इतक्या थोर पुरुषाच्या भाषणातील विसंगती मुलांपुढे कशी मांडावी? परंतु संकोचाचे कारण नाही, आणि ते का, हे आपण पुढे पाहू.

तूर्त मुलांस एवढे विचारावे: हा एक आधार कच्चा निघाला, म्हणून "सभेने वेळ वाया घालविला नाही" हे म्हणणे खोटे ठरले काय? नाही. संविधानाचा मोठा आकार आणि दुरुस्त्यांची संख्या हे दोन आधार तसेच उभे आहेत, आणि ऑस्ट्रेलियाशी केलेली तुलनाही बरोबर आहे. ओसरीच्या चार खांबांपैकी एकास कीड लागली तर छप्पर लगेच कोसळत नाही; पण तो खांब धड आहे असेही आपण म्हणत नाही. एखादा आधार फसला म्हणून विधान आपोआप खोटे ठरत नाही, आणि विधान खरे आहे म्हणून त्याचा प्रत्येक आधार खरा ठरत नाही. हे दोन्ही अर्ध मुलांनी वहीत लिहून घ्यावेत.

दुसरा भाग: इतिहासाचे दाखले

यानंतर भाषणाचा सूर बदलतो. देश स्वतंत्र झाला. हे स्वातंत्र्य टिकेल की पुन्हा जाईल, अशी चिंता वक्ते बोलून दाखवितात. भारत पूर्वी स्वतंत्र नव्हता असे नाही. त्याने आपले स्वातंत्र्य गमावले, आणि तेही आपल्याच काही माणसांच्या फितुरीमुळे, असे त्यांचे म्हणणे. त्यास ते दाखले देतात: सिंधच्या दाहिर राजाच्या सेनापतींनी शत्रूकडून लाच घेतली, जयचंदाने महंमद घोरीस बोलाविले, शिवाजी महाराज लढत असता इतर मराठे सरदार व रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते, शीख राज्य बुडत असता गुलाबसिंग स्वस्थ बसला, १८५७ साली शीख तटस्थ राहिले.

इतिहासाचा दाखला आला की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. घडले ते खरे काय? त्याचा प्रस्तुत विधानाशी संबंध आहे काय? आणि विधान सिद्ध करावयास ते पुरेसे आहे काय? शिवकालातील दाखला मुलांस आपल्या इतिहासाच्या पुस्तकातून पडताळता येतो. जयचंदाची कथा मात्र पुष्कळ पुढच्या काळातील भाटांच्या काव्यपरंपरेतून आलेली असल्याने आजचे इतिहासकार तिच्यावर सहसा भिस्त ठेवीत नाहीत. पाचांपैकी एक दाखला असा सैल असला, तरी उरलेले दाखले एकाच दिशेस बोट दाखवितात, म्हणून विधानास बळ राहते. एकच दाखला देऊन "नेहमी असेच घडते" असे सांगणाऱ्या वक्त्यापासून मात्र सावध राहण्यास शिकवावे.

तिसरा भाग: तीन इशारे आणि त्यांचा तर्क

लोकशाही केवळ नावापुरती न राहता प्रत्यक्षात टिकावी म्हणून वक्ते तीन गोष्टी सांगतात.

पहिली, सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानाचेच मार्ग धरावेत. रक्तरंजित क्रांती टाकावी, आणि कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हेही मार्ग सोडावेत. येथे आपल्या भागातील जाणते मूल हटकून विचारील: "गुरुजी, नाशिकचा सत्याग्रह तर त्यांनीच केला होता ना?" अशा प्रश्नास दटावू नये, तो या पाठाचे फळ आहे. त्याचे उत्तर भाषणातच आहे. संविधानाचा मार्ग उपलब्धच नव्हता, तेव्हा इतर मार्गांस काही समर्थन होते. तो खुला झाल्यावर ते समर्थन उरत नाही, असे त्यांनी स्वतः म्हटले आहे. १९३० साली मंदिराच्या दारापासून दूर ठेवलेल्या माणसाच्या हाती ना समान मताचा हक्क होता, ना अस्पृश्यता रद्द करणारा अनुच्छेद. १९५० पासून दोन्ही आले. परिस्थिती बदलली, म्हणून मार्ग बदलला. हा तर्क पटतो की नाही, हे मुलांनी आपापसांत बोलून ठरवावे. शिक्षकाने निकाल देऊ नये.

दुसरी, जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताचा इशारा लक्षात ठेवावा: कोणी कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असू शकेल. राजकारणात विभूतिपूजा ही अधःपाताची व हुकूमशाहीची वाट ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. थोर विचारवंताच्या वचनाचा आधार घेतला असता मुलांनी विचारावे: तो त्या विषयाचा जाणकार होता काय? आणि त्याने कारण दिले आहे की नुसते नाव पुढे केले आहे?

कॅनडाच्या आकड्याजवळ आपण ज्या संकोचाचा विचार पुढे ढकलला होता, त्याचे उत्तर येथे मिळते. वक्त्याच्या वचनापुढे केवळ मान तुकविणे त्या वक्त्यास स्वतःलाच मान्य नव्हते. त्यांचे आकडे तपासणारे मूल त्यांचा अनादर करीत नाही. त्यांनी सांगितले तेच ते आचरणात आणते. सप्तशृंगीपुढे हात जोडावेत. भाषणापुढे डोळे उघडे ठेवावेत.

तिसरी, राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता ती सामाजिक लोकशाही करावी. येथे आकडे नाहीत, दाखलेही थोडे. येथे तर्क आहे. समता नसेल तर स्वातंत्र्यातून मूठभरांचे वर्चस्व निर्माण होईल. स्वातंत्र्य नसेल तर समता माणसाची स्वयंप्रेरणा मारून टाकील. आणि बंधुता नसेल तर ही दोन्ही अंगवळणी पडणार नाहीत; ती पाळली जावीत म्हणून शिपाई नेमावा लागेल. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार: मतपेटीपाशी प्रत्येकाच्या मताची किंमत एक, परंतु समाजात व संसारात प्रत्येक माणसाची किंमत एक नाही. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर जे विषमतेने भाजून निघत आहेत ते या लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा आहे.

मध्यवर्ती विचार शोधणे

आता मुलांस सांगावे: संपूर्ण भाषणाचा विचार एका वाक्यात लिहा. काही लिहितील, "संविधानाविषयी भाषण केले." तो विषय झाला. काही लिहितील, "संविधान सभेने खूप काम केले." ते एका भागाचे म्हणणे झाले. त्यांना एक कसोटी द्यावी: तुम्ही लिहिलेले वाक्य छत्रीसारखे आहे काय? भाषणाचे सगळे प्रमुख भाग त्याखाली येतात काय? वेळेचा हिशेब, फितुरीचे दाखले, तीन इशारे हे सर्व ज्याखाली मावतील, असे वाक्य थोड्या चर्चेनंतर साधारणपणे असे तयार होते:

"संविधान काळजीपूर्वक तयार केले आहे; परंतु ते राबविणारी माणसे आणि समाज समतेने व बंधुतेने वागले, तरच स्वातंत्र्य व लोकशाही टिकेल."

"परंतु" या शब्दाकडे मुलांचे लक्ष वेधावे. पुष्कळ भाषणांत वक्त्याचे खरे म्हणणे "परंतु", "म्हणून", "खरे पाहता" अशा शब्दांच्या मागोमाग येते. आरंभ आणि शेवट यांकडेही कान लावावा. संविधान कितीही चांगले असले तरी राबविणारे वाईट असतील तर ते वाईट ठरते, या अर्थाचे विधान या भाषणात आहे. तेथेच भाषण आकड्यांकडून माणसांकडे वळते.

फलकलेखन आणि स्वाध्याय

फळ्याचे तीन रकाने करावेत: वक्त्याचे विधान, दिलेला आधार, आधाराचा प्रकार. उदाहरणार्थ, "वेळ वाया गेला नाही" यासमोर २,४७३ दुरुस्त्या, आकडा. "फितुरीने स्वातंत्र्य गेले" यासमोर शिवकालीन सरदार, दाखला. "विभूतिपूजा घातक" यासमोर मिलचे वचन, जाणकाराचे मत. "समतेवाचून स्वातंत्र्य टिकत नाही" यासमोर मूठभरांचे वर्चस्व, तर्क. आधाराच्या रकान्यात काहीच लिहिता आले नाही, तर तो रकाना रिकामाच ठेवावा. रिकामा रकाना पाहण्याची सवय लागणे, हेच या पाठाचे अर्धे यश होय.

या पाठास दोन तासिका पुरतात. पहिलीत विहिरीचे भाषण व आकड्यांचा भाग घ्यावा. दुसरीत उरलेले दोन भाग व एका वाक्यातील विचार. एकशिक्षकी शाळेत विहिरीचे भाषण पाचवी-सहावीच्या मुलांसही चालेल, आणि भागाकार त्यांच्याकडूनच करवून घेता येईल.

स्वाध्याय म्हणून मुलांस पुढील ग्रामसभेस घरच्या माणसांबरोबर जाऊ द्यावे. तेथे कोणी काय मागितले आणि कशाच्या आधारे मागितले, एवढेच दोन रकान्यांत लिहून आणावे. वक्त्यांची नावे लिहू नयेत. वर्गात त्याचे वाचन करताना शिक्षकाने कोणाची बाजू घेऊ नये, फक्त "कशावरून?" एवढेच विचारीत राहावे.

पहिल्या पाठात मुले चुकतील. उपमेस आधार म्हणतील, विषयास विचार म्हणतील. त्याची चिंता करू नये. पुढे कधीतरी बाजारच्या चौकात ध्वनिक्षेपक घुमत असता, टाळ्यांच्या गजरात आपला एखादा जुना विद्यार्थी शेजाऱ्यास हळूच "पण हे कशावरून?" असे विचारील, तर या दोन तासिका कारणी लागल्या असे शिक्षकबंधुभगिनींनी खुशाल समजावे.